वृद्धसंगोपनविषयक कायदे, भारतातील
वार्धक्यामुळे ज्यांना स्वतःचा निर्वाह वा दैनंदिन देखभाल करणे शक्य होत नाही, अशा व्यक्तींच्या अन्नवस्त्राची, निवाऱ्याची, औषधोपचाराची व शुश्रूषेची जबाबदारी कोणावर आहे आणि ती कशी पार पाडली जावी, हे ठरविणाऱ्या विधिनियमांना स्थूलमानाने वृद्धसंगोपनविषयक कायदे असे म्हणता येईल. त्यांचे तीन प्रकार संभवतात : (१) अपत्यांवर व नातलगांवर निर्वाहाचे बंधन घालणारे कायदे, (२) निराधार वृद्धांना राज्यसंस्थेने द्यावयाच्या साहाय्याविषयीच्या तरतुदी आणि (३) वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे व घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांचे नियमन करणारे कायदे. भारतात यांपैकी पहिल्या प्रकाराचा विकास सर्वांत अधिक झाला, दुसऱ्याचा मर्यादित आणि तिसऱ्याचा अत्यल्प झाला. वृद्धांचा खर्च कोणी सोसावा, हे कायद्याने उत्तरोत्तर अधिक नेमकेपणाने सांगितले. परंतु प्रत्यक्ष सेवा कशी असावी, याविषयी तो बराच काळ मौन पाळून राहिला.

प्राचीन काळ : मातापित्यांचे पालनपोषण हे पुत्राचे कर्तव्य होय, असे धर्मशास्त्रकारांनी एकमुखाने सांगितले आहे. वृद्ध मातापिता, साध्वी पत्नी व लहान मूल यांचे भरणपोषण शंभर अकार्ये करूनही केले पाहिजे, अशा आशयाचे एक वचन मनूच्या नावावर सांगितले जाते व उत्तरकालीन निबंधकारांनी आणि इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही त्याचा आधार घेतला. कौटिलीय अर्थशास्त्रा त मात्र हे कर्तव्य केवळ धार्मिक राहिलेले नाही. ऐपत असूनही पत्नी, अपत्ये, मातापिता, अज्ञान भाऊ, तसेच अविवाहित व विधवा बहिणी यांचे पोषण न करणाऱ्यास बारा पण दंड करावा, असे कौटिल्य सांगतो. पतित झालेल्या नातलगांना त्याने यातून वगळले आहे. पण या अपवादालाही माता हा अपवाद केला आहे. बायकामुलांची तरतूद न करता संन्यास घेणाऱ्यालाही त्याने दंडास पात्र ठरविले आहे. ज्यांना कोणी नाही अशा बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त व अनाथ यांचे पोषण राजाने करावे, असेही त्याच ठिकाणी म्हटले आहे. कुटुंबाची जबाबदारी प्रथम व राज्यसंस्थेची त्यानंतर, हा जो क्रम पुढील सर्व कायद्यांत आढळतो, त्याचे मूळ रूप येथे दिसते.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखात धर्मयात्रेच्या प्रसंगी वृद्धांचे दर्शन घेऊन त्यांना सुवर्णदान केल्याचा उल्लेख आहे. याच लेखाचा एक खंडित भाग महाराष्ट्रातील सोपारा येथे १८८२ मध्ये सापडला. पाचव्या शिलालेखात धर्ममहामात्रांच्या कामांमध्ये वृद्धांच्या हिताकडे लक्ष देणे, याचाही समावेश केलेला आहे. हे दान राजाच्या इच्छेवर अवलंबून होते. वृद्धाला ते हक्क म्हणून मागता येत नव्हते.

इंग्रजी अमदानी : इंग्लंडमध्ये १६०१ च्या दरिद्री साहाय्य कायद्याने निराधार वृद्धांच्या पोषणाचा भार प्रत्येक पॅरिशवर टाकला होता, त्याचबरोबर ऐपतदार अपत्यांवर व जवळच्या आप्तांवरही त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी ठेवली होती. १८३४ मध्ये या कायद्याचे स्वरूप अधिक कठोर करण्यात आले व साहाय्य हवे असल्यास श्रमगृहात जाऊन राहावे, असे धोरण आले. हिंदुस्थानात इंग्रजांनी आपले अनेक कायदे आणले; परंतु दरिद्री साहाय्य कायदा आणला नाही. संयुक्त कुटुंब, जात व धर्मादाय संस्था निराधारांची सोय लावतात, ही राज्यकर्त्यांची धारणा त्यांना सोयीची होती. सरकारी तिजोरीवरील भारही त्यामुळे टळत होता. केवळ दुष्काळाच्या काळात याला अपवाद केला गेला. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांत, कामावर जाण्यास असमर्थ असलेल्या वृद्ध व अपंग व्यक्तींना काम न घेता मदत देण्याची तरतूद होती. दुष्काळ सरला, की ही मदत थांबत असे.

निर्वाहाविषयीचे वाद वैयक्तिक कायद्यानुसार चालत. हिंदू कायद्यात वृद्ध मातापित्यांचे पोषण हे पुत्राचे वैयक्तिक कर्तव्य मानले जाई व ते त्याला वडिलोपार्जित मिळकत मिळाली आहे किंवा नाही यावर अवलंबून नसे. कन्येवर असे बंधन नव्हते. मुसलमानी कायद्यात ऐपतदार अपत्यांवर गरीब मातापित्यांच्या निर्वाहाचे बंधन होते. गोव्यात लागू असलेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने पूर्वज व वंशज यांना परस्परांच्या निर्वाहास बांधून घेतले होते. मात्र हिंदू वा मुसलमानी कायद्याखालील हक्कासाठी दिवाणी दावा लावावा लागे. हातात पैसा नसलेल्या व चालण्याफिरण्याचीही शक्ती उरली नसलेल्या व्यक्तीने वर्षानुवर्षे दिवाणी दावा चालवावा, ही अपेक्षाच व्यवहार्य नव्हती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ ने पत्नी व अपत्ये यांच्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढील झटपट उपाय उपलब्ध केला. पण त्यात मातापित्यांचा समावेश नव्हता.

या काळात वृद्धांसाठी स्थापन झालेल्या संस्था धर्मादाय स्वरूपाच्या होत्या. पुणे येथील डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह (आजची ‘निवारा’ संस्था) एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील आहे. ‘लिट्‌ल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाने १८८२ मध्ये कोलकाता येथे वृद्धांसाठी गृह सुरू केले. अशा संस्थांवर सरकारी नियंत्रण जवळजवळ नव्हते. जे होते ते त्यांच्या नोंदणीपुरते व मिळकतीच्या व्यवस्थेपुरते होते.

संविधान व स्वातंत्र्योत्तर कायदे : भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावी, असे म्हटले आहे. हे निदेशक तत्त्व असल्यामुळे ३७ व्या अनुच्छेदानुसार ते न्यायालयामार्फत अंमलात आणून घेता येत नाही. विकलांग व काम करण्यास असमर्थ व्यक्तींचे साहाय्य हा विषय राज्यसूचीत, तर सामाजिक सुरक्षा व वार्धक्यवेतन हे विषय समवर्ती सूचीत आहेत. त्यामुळे केंद्र व राज्ये या दोघांनाही या क्षेत्रात कायदे करता येतात. परंतु कोणावरही कायदा करण्याचे बंधन नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० ने वृद्ध वा दुर्बल मातापित्यांचा निर्वाह हे पुत्राप्रमाणेच कन्येचेही कायदेशीर कर्तव्य ठरविले. निपुत्रिक सावत्र आईचाही त्यात समावेश करण्यात आला. स्वतःच्या मिळकतीतून वा उत्पन्नातून निर्वाह करण्यास असमर्थ असणाऱ्यांपुरतेच हे बंधन होते. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांनाच लागू असल्याने अन्यधर्मीय वृद्ध त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

ही उणीव १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने भरून काढली. १ एप्रिल १९७४ पासून अंमलात आलेल्या या संहितेच्या कलम १२५ मध्ये प्रथमच माता व पिता यांचा अंतर्भाव झाला आणि धर्म कोणताही असला, तरी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा मार्ग त्यांना खुला झाला. कलमाचा शब्दप्रयोग पुल्लिंगी असल्याने कन्या जबाबदार ठरते किंवा नाही, हा प्रश्न काही काळ वादाचा होता. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये असा निर्णय दिला, की स्वतःचे पुरेसे साधन असलेली कन्या, ती विवाहित असली तरी, मातापित्यांच्या निर्वाहास बांधलेली आहे. केवळ कन्याच असलेल्या मातापित्यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता. निर्वाहाच्या रकमेवर असलेली दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा मात्र २००१ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती; वाढत्या महागाईत ती नाममात्र ठरली होती. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ हिने घेतली असून तिच्या कलम १४४ मध्ये हीच तरतूद आहे.

वार्धक्यवेतन व राज्यांच्या योजना : ज्यांना अपत्ये नाहीत, किंवा ज्यांची अपत्येही तितकीच दरिद्री आहेत, त्यांना निर्वाहाच्या कायद्याचा काहीच उपयोग नव्हता. अशा वृद्धांसाठी उत्तर प्रदेश राज्याने १९५७ मध्ये वार्धक्यवेतनाची योजना सुरू केली व पुढे इतर राज्यांनी तिचे अनुकरण केले. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना सुरू झाली व नंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमाखाली ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना दरमहा ७५ रुपये देण्यास प्रारंभ केला. केंद्राचा हा वाटा २००६ मध्ये २०० रुपये झाला. पुढे पात्रतेचे वय ६० पर्यंत खाली आणून ८० वर्षांवरील व्यक्तींसाठी तो ५०० रुपये करण्यात आला. या योजना शासकीय आदेशांवर आधारलेल्या असून त्यांना स्वतंत्र अधिनियमाचे पाठबळ नाही.

महाराष्ट्र शासन १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देत आले आहे. १९९५ मध्ये त्यात ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजनेची भर पडली. श्रावणबाळ व मातोश्री ही नावे बोलकी आहेत. पुत्राने करावयाचे काम शासन करीत असतानाही त्याची भाषा कौटुंबिक कर्तव्याचीच राहिली. ज्या निराधार वृद्धांना ना वेतन मिळाले ना आश्रम, त्यांची गाठ अनेकदा दुसऱ्याच कायद्याशी पडली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमानुसार भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीस पकडून न्यायालयाच्या आदेशाने भिक्षेकरी गृहात स्थानबद्ध करता येते. वार्धक्यामुळे भीक मागणे भाग पडलेल्या व्यक्तीला राज्याचा निवारा मिळाला, तो या मार्गाने अपराधी म्हणून मिळाला. हाच कायदा दिल्लीतही लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भीक मागणे हा अपराध ठरविणारी त्याची कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली.

२००७ चा अधिनियम : देशातील ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १९६१ मध्ये सु. २.५ कोटी होती. ती २०११ च्या जनगणनेत सु. १०.४ कोटी झाली. नागरीकरण, नोकरीनिमित्त होणारे स्थलांतर व लहान कुटुंबे यांमुळे वृद्धांचा प्रश्न केवळ दारिद्र्याचा राहिला नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८२ मध्ये व्हिएन्ना येथे वार्धक्यविषयक जागतिक परिषद भरविली आणि १९९९ हे आंतरराष्ट्रीय वृद्ध वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी भारत सरकारने वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सिंगापूरने १९९५ मध्ये मातापित्यांच्या निर्वाहासाठी वेगळा कायदा करून स्वतंत्र न्यायाधिकरण नेमले होते. भारतात हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा केला. या पार्श्वभूमीवर संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ संमत केला. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला व २०१० मध्ये त्याखालील नियम करण्यात आले.

या अधिनियमाने निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र व निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय उपचारांचाही समावेश केला. पुत्र, कन्या, नातू व नात (अज्ञान नसल्यास) यांवर ही जबाबदारी आहे. निपुत्रिक ज्येष्ठ नागरिकाच्या बाबतीत, त्याची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, असा नातलग जबाबदार धरला जातो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. वृद्धाला स्वतः अर्ज करणे शक्य नसल्यास दुसरी व्यक्ती वा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. न्यायाधिकरण स्वतः होऊनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्जाचा निकाल लागावा व अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत ३० दिवसांनी वाढवावी, अशी अपेक्षा आहे. निर्वाहाची रक्कम मूळ अधिनियमानुसार दरमहा १०,००० रुपयांपेक्षा अधिक ठरविता येत नाही. आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या उद्देशाने कोठेही सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

अधिनियमातील सर्वाधिक वापरले गेलेले व वादग्रस्त ठरलेले कलम २३ होय. आपली देखभाल केली जाईल, या अटीवर ज्येष्ठ नागरिकाने बक्षीसपत्राने वा अन्य प्रकारे मिळकत हस्तांतरित केली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर असे हस्तांतरण कपटाने वा दडपणाने झाले असे मानून ते रद्द करवून घेता येते. बक्षीसपत्र करून दिल्यानंतर राहत्या घरात परके झालेल्या अनेक वृद्धांना या कलमाचा आधार मिळाला. तथापि, प्रेमापोटी करून दिलेल्या दस्तऐवजात देखभालीची अट क्वचितच लिहिलेली असते. अशी अट सिद्ध झाल्याखेरीज हस्तांतरण रद्द करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. तर २०२५ च्या प्रारंभी दिलेल्या एका निर्णयात, हा कल्याणकारी कायदा असल्याने त्याचा उदार अर्थ लावला पाहिजे व न्यायाधिकरणास मिळकतीचा ताबा परत देवविण्याचाही अधिकार आहे, असे सांगितले. दुसरा पेच सुनेच्या निवाऱ्याचा होता. सासूसासऱ्यांच्या अर्जावर सुनेला घराबाहेर काढण्याचे आदेश निघू लागले, तेव्हा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो या झटपट कार्यवाहीने डावलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. घरातील वृद्धांची प्रत्यक्ष शुश्रूषा बहुधा सूनच करते. परंतु अधिनियमाच्या ‘अपत्ये’ या व्याख्येत तिचे नाव नाही व तिच्या श्रमाचीही दखल नाही.

सेवासंस्थांचे नियमन : अधिनियमाच्या कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय होईल असा वृद्धाश्रम स्थापन करू शकते. येथील ‘करू शकते’ हा शब्दप्रयोग निर्णायक ठरला. अपत्यांवरील जबाबदारी बंधनकारक आहे, तर शासनावरील जबाबदारी ऐच्छिक राहिली. देशातील वृद्धाश्रमांची जिल्हावार माहिती केंद्र शासनाने राज्यांकडून मिळवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे अधिनियम होऊन अकरा वर्षे लोटल्यावर, द्यावा लागला.

खाजगी वृद्धाश्रमांची स्थिती अधिक संदिग्ध आहे. १९४९ चा मुंबई (पुढे महाराष्ट्र) शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आजारी वा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या गृहांना लागू होतो. केवळ निवासाची सोय करणारा वृद्धाश्रम त्याच्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही. अनाथालये व अन्य धर्मादाय गृहे यांच्यावरील देखरेखीचा १९६० चा केंद्रीय कायदा स्त्रिया व मुले यांच्या गृहांपुरता योजलेला होता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा संस्थेचे हिशेब व मिळकत तपासतो. रात्रपाळीला किती सेविका असाव्यात, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला किती वेळा कूस बदलवावी, विसराळूपणा जडलेल्या व्यक्तीला कोंडून ठेवावे किंवा नाही, हे तो विचारत नाही. घरी सेवक वा सेविका पुरविणाऱ्या ‘ब्यूरों’ची शहरांत मोठी वाढ झाली, त्यांच्याकडील सेवकांचे किमान प्रशिक्षण ठरविणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य अधिनियमाने जुना दरिद्री साहाय्य कायदा संपुष्टात आणला, वृद्ध मातापित्यांच्या निर्वाहाचे अपत्यांवरील बंधन काढून टाकले आणि त्याच वेळी खाजगी वृद्धगृहांची नोंदणी सक्तीची केली. भारतीय कायद्याची वाटचाल नेमकी याच्या उलट दिशेने झाली, असे दिसते.

ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने केला. जावई व सून यांचा ‘अपत्ये’ या संज्ञेत समावेश, १०,००० रुपयांची मर्यादा काढून टाकणे, वृद्धाश्रमांची व घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके, या त्यातील मुख्य तरतुदी होत्या. संसदेच्या स्थायी समितीने त्याचा विचार केला. परंतु ते संमत न होताच २०२४ मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. सेवानिवृत्तांसाठी बांधल्या जाणाऱ्या निवासी संकुलांबाबत केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली; पण ती शिफारशींच्या स्वरूपाची आहेत.

मूल्यमापन : कौटिल्याच्या बारा पण दंडापासून २००७ च्या अधिनियमातील कैदेपर्यंत भारतीय कायद्याने एकच सूत्र धरून ठेवले. अपत्याने मातापित्यांना पोसावे व न पोसल्यास त्याला शिक्षा व्हावी, हे ते सूत्र होय. कन्येचा समावेश, सर्वधर्मीयांना खुला झालेला उपाय, कालमर्यादा असलेली कार्यवाही आणि बक्षिसाने गेलेले घर परत मिळविण्याची सोय, हे या वाटचालीतील खरे लाभ आहेत. परंतु निर्वाहाचा आदेश मिळविण्यासाठी वृद्ध मातापित्यांना आपल्याच अपत्याविरुद्ध उभे राहावे लागते व लोकलज्जेस्तव अनेक जण ते टाळतात. शिवाय आदेशाने रक्कम मिळते; आजारपणात उशाशी बसणारे माणूस त्याने मिळत नाही. ज्यांची अपत्ये दूरदेशी आहेत व नियमितपणे पैसे पाठवितात, त्यांच्या बाबतीत निर्वाहाच्या कायद्याचा भंगच होत नाही. त्यांची सारी भिस्त वृद्धाश्रमाच्या वा सेविकेच्या गुणवत्तेवर असते आणि तेथेच कायदा सर्वांत दुबळा आहे. वृद्धसंगोपन ही कुटुंबाची जबाबदारी मानणाऱ्या समाजातही कुटुंबाबाहेर दिल्या जाणाऱ्या सेवेची मानके ठरविणे, ती तपासणे व त्यांच्या भंगाबद्दल जाब विचारणे, हे काम राज्यसंस्थेखेरीज अन्य कोणी करू शकत नाही.